बोटीचा पंप आणि देखभालीचे अर्थशास्त्र

मे महिना सरत आला की कोकणातील प्रत्येक तालुक्याच्या कचेरीत पावसाळ्यापूर्वीच्या आढावा बैठका भरतात. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, दोर किती, विजेऱ्या किती, याची यादी वाचली जाते. एखाद्या ठिकाणी उत्साहाच्या भरात आवारातच प्रात्यक्षिकही होते. लाकडी घोडीवर टांगलेले बोटीचे इंजिन एखादा मिनिटभर धडधडते, पाहुणे समाधानाने माना हलवतात आणि यादीतील त्या ओळीपुढे ‘चालू स्थितीत’ असा शेरा पडतो. पाण्याबाहेर चालविलेल्या त्या एका मिनिटाने इंजिनाचे काय केले, याची नोंद मात्र कोठेही होत नाही. इंजिन थंड ठेवणारा पंप कोरडाच फिरलेला असतो. त्यातील रबरी चक्राच्या पाकळ्या भाजून निघालेल्या असू शकतात. ‘चालू स्थितीत’ ठरलेले ते इंजिन पुराच्या दिवशी पाण्यात उतरले की काही मिनिटांत तापून बंद पडेल, आणि दोष मात्र इंजिन बनविणाऱ्याला दिला जाईल.

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांना ही गोष्ट क्षुल्लक मानणे परवडणारे नाही. महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री सह्याद्रीचा कडा उतरून पोलादपूरला येते, महाडजवळ गांधारीला व पुढे काळ नदीला पोटात घेते आणि बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळते. डोंगरात कोसळलेला पाऊस काही तासांतच महाडच्या बाजारपेठेत शिरतो, आणि त्याच वेळी खाडीला भरती असली तर पाण्याला पुढे वाट मिळत नाही. २२ व २३ जुलै २०२१ या दिवसांत महाबळेश्वर येथे २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. महाड शहर पाण्याखाली गेले. तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मेली. पोलादपूर तालुक्यातही वाड्यांवर दरडी आल्या. रस्ते कोठे पाण्याने, कोठे मातीने अडलेले असल्यामुळे बाहेरची बचाव पथके वेळेवर पोहोचू शकली नाहीत. त्यापूर्वी जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून जवळजवळ दोनशे माणसे गेली होती. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील १९२८ सालचा दगडी पूल वाहून गेला आणि त्याबरोबर एस. टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह नाहीशा झाल्या. त्या शोधकार्यात नौदल, तटरक्षक दल आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांच्या बोटी कित्येक दिवस गढूळ, वेगवान पाण्यात फिरत होत्या.

या प्रदेशात बोट ही करमणुकीची वस्तू नाही. काही तासांपुरती का होईना, ती माणूस आणि मृत्यू यांच्यामध्ये उभी असते. आणि बोट उभी असते ती तिच्या इंजिनातील एका लहानशा पंपाच्या भरवशावर.

समुद्राचे पाणी पिणारे इंजिन

मोटारीच्या इंजिनाला रेडिएटर असतो. समोरून येणारा वारा त्यातले पाणी थंड करतो. बोटीच्या इंजिनाला अशा वाऱ्याचा आधार नसतो. त्याऐवजी ते ज्या पाण्यावर तरंगते तेच पाणी आत ओढून घेते. खाडीचे किंवा समुद्राचे पाणी तळाच्या झडपेतून आणि जाळीतून पंपात येते, इंजिनाची उष्णता घेते आणि बहुधा धुराबरोबरच बाहेर टाकले जाते. लहान यांत्रिक होड्यांत हे पाणी थेट इंजिनाच्या पोटातून फिरते. मोठ्या डिझेल इंजिनांत ते हीट एक्स्चेंजरमधून जाऊन आतल्या गोड्या पाण्याला थंड करते. बचाव पथकांच्या रबरी बोटींवरील इंजिने बहुधा पेट्रोलवर चालणारी आणि बोटीच्या मागे बाहेर टांगलेली असतात. त्यांच्यात हाच पंप खालच्या दांड्यात, पाण्याखाली बसविलेला असतो. रचना निराळी असली तरी तत्त्व एकच आहे.

त्या पंपाच्या पितळी किंवा तत्सम घरात लवचीक पाकळ्यांचे एक रबरी चक्र असते. कारागीर त्याला इंपेलर म्हणतात. घराची एक बाजू आत उचललेली असते. चक्र फिरताना पाकळ्या त्या ठिकाणी वाकतात, पुढे गेल्यावर पुन्हा सरळ होतात आणि या वाकण्या-ताठरण्यातून पाणी ओढले व ढकलले जाते. रबर आणि धातू यांच्यामधील वंगण म्हणजे तेच वाहते पाणी. पाणी थांबले की वंगणही थांबते. जाळीत पालापाचोळा अडकला, प्लास्टिकची पिशवी तळाला चिकटली किंवा झडप उघडायची राहिली, तर पाकळ्या थोड्याच वेळात झिजतात, भाजतात, तुटतात. तुटलेले तुकडे पुढच्या नळ्यांत जाऊन अडकतात. म्हणून नवे चक्र बसविल्यावरही इंजिन तापतच राहते आणि अननुभवी कारागीर गोंधळतो. पुराच्या पाण्यात तर वाळू आणि चिखल यांचे प्रमाण इतके असते की चक्राबरोबर पंपाचे घरही आतून खरवडले जाते. शांत खाडीत दोन हंगाम टिकणारा पंप पुराच्या चार दिवसांत निकामी होऊ शकतो.

हा पंप बहुधा न सांगता मरत नाही. पंपात पाण्याच्या बाजूला एक आणि तेलाच्या बाजूला एक असे दोन सील असतात आणि त्यांच्यामध्ये खालच्या अंगाला एक बारीक भोक ठेवलेले असते. त्यातून थेंब गळू लागला, की आतला सील गेला, हे पंप स्वतःच सांगत असतो. तो थेंब दिसूनही दुर्लक्ष झाले तर खारे पाणी बेअरिंगपर्यंत जाते, शाफ्ट गंजतो, आणि काही इंजिनांत तेच पाणी तेलात मिसळून सगळे इंजिन खाते. त्या अवस्थेत केवळ चक्र बदलून भागत नाही, पूर्ण पंपच बदलावा लागतो.

ते काम अवघड नाही. त्यात शिस्त मात्र हवी. आधी तळाची झडप बंद करायची. ती विसरली तर नळी काढताक्षणी बोटीत पाणी येते. मग पट्टा सैल करून नळ्या सोडवायच्या, बोल्ट काढून जुना पंप बाहेर घ्यायचा आणि नव्या पंपाशेजारी ठेवून शाफ्टची लांबी, चावीची खाच, बोल्टांची भोके व नळ्यांची तोंडे जुळतात की नाही, हे ताडून पाहायचे. चक्र बसविताना पाकळ्या फिरण्याच्या उलट दिशेने वळलेल्या हव्यात. त्यांना ग्लिसरीन किंवा साबणाचे पाणी लावायचे. खनिज तेलाचे ग्रीस बऱ्याच प्रकारच्या रबराला फुगवते. गॅस्केट योग्य जाडीचे हवे. जाड झाले तर पंप पाणी ओढत नाही, पातळ झाले तर चक्र घासते. जुन्या चक्राची एखादी पाकळी कमी असेल तर ती नळ्यांतून शोधून काढल्याखेरीज काम संपले असे मानायचे नाही. शेवटी झडप उघडायची, इंजिन चालू करायचे आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेकडे पाहायचे. ती धार हेच कामाचे प्रमाणपत्र होय.

टांगत्या इंजिनाचा खालचा भाग उतरवून हेच करावे लागते. नेहमीचा हात असेल तर एका दुपारचे काम. मग ते होत का नाही?

भांडवली आणि महसुली

याचे उत्तर यंत्रशास्त्रात मिळत नाही. ते हिशेबाच्या वहीत आहे. सरकारी खर्चाचे दोन ठळक भाग असतात. बोट विकत घेणे हा भांडवली खर्च आणि तिचा पंप बदलणे हा महसुली खर्च. भांडवली खर्चातून वस्तू निर्माण होते, तिचे उद्घाटन होते, तिची मोजदाद होते. महसुली खर्चातून काहीच नवे दिसत नाही. जे होते ते तसेच राहते, एवढेच. काटकसरीची वेळ आली की पगार कापता येत नाहीत, व्याज टाळता येत नाही, आणि मग कात्री देखभालीच्या रकमेवर चालते. या कपातीचा परिणाम त्याच वर्षी दिसत नाही, म्हणून ती राजकीयदृष्ट्या सर्वांत स्वस्त असते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता मात्र ते एक प्रकारचे कर्जच होय. ते कोणत्याही खात्यात दिसत नाही आणि त्याची वसुली पुराच्या रात्री होते.

सावित्रीच्या पुलाचे उदाहरण या संदर्भात आठवण्यासारखे आहे. जुना पूल पडल्यानंतर नवा पूल वर्षाच्या आत, जून २०१७ मध्ये, वाहतुकीला खुला झाला. नवे बांधण्याची शक्ती, पैसा आणि इच्छा या राज्यात आहे, हे त्यातून सिद्ध झाले. जुन्याची नाडी नियमितपणे पाहण्याची व्यवस्था तशीच उभी राहिली का, हा प्रश्न उद्घाटनाच्या भाषणात कधी येत नाही.

पंपाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. रबरी चक्राची किंमत इंजिनाच्या किमतीच्या मानाने अगदी नगण्य असते. पूर्ण पंप त्याहून महाग असला तरी नव्या इंजिनापुढे तोही स्वस्तच. पण खर्चाची रक्कम लहान असली म्हणून मंजुरीचा मार्ग लहान होत नाही. मागणीपत्र, दरपत्रके, तांत्रिक अभिप्राय, वरिष्ठांची सही या पायऱ्या लहान वस्तूलाही चढाव्या लागतात. अशा वेळी कारकुनाला दोष देणे सोपे आहे, परंतु अन्यायाचे आहे. नियमाबाहेर जाऊन सुटा भाग आणला तर लेखापरीक्षणात आक्षेप त्याच्यावर येतो. न आणल्यामुळे बोट बंद पडली तर त्याच्यावर काहीच येत नाही. ज्या व्यवस्थेत कृतीला दंड आणि निष्क्रियतेला अभय असते, तेथे शहाणा माणूस निष्क्रियच राहणार.

कोळ्याचा हिशेब

याच नदीच्या मुखाशी, बाणकोट, बागमांडला, श्रीवर्धन या पट्ट्यात, अगदी उलट दृश्य दिसते. महाराष्ट्रात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, आणि तोच कोळ्याचा दुरुस्तीचा हंगाम. जाळी विणली जातात, तळाला रंग लागतो, इंजिन उघडले जाते. समुद्रात पंप गेला तर बुडणारे डिझेल, वाया जाणारी फेरी, सडणारी मासळी आणि प्रसंगी धोक्यात येणारा जीव, हे सारे त्याचे स्वतःचे असते. म्हणून चक्र अजून धड दिसत असले तरी तो ते बदलतो आणि जुने टाकून न देता अडचणीसाठी डब्यात ठेवतो. त्याने अर्थशास्त्र वाचलेले नसेल. पण ज्याच्या हातात देखभाल त्याच्याच खिशाला नुकसान, हे सूत्र त्याच्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आले आहे.

सरकारी बोटीत हे सूत्र तुटलेले असते. देखभाल एकाची, मंजुरी दुसऱ्याची आणि नुकसान तिसऱ्याचे. तो तिसरा महाडच्या एखाद्या गल्लीत पहिल्या मजल्याच्या खिडकीत उभा असतो.

नदीशी असलेले नाते तुटल्याचाही हा परिणाम आहे. एके काळी महाडचा बाहेरच्या जगाशी संबंध पाण्यावाटे होता. शिडाची गलबते खाडीने दासगावपर्यंत येत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि जलमार्गाने दासगाव बंदरात उतरून तेथून महाडला आले. पुढे रस्ता आला, पूल आले, बंदर ओस पडले. आज महाडच्या रस्त्यावर ट्रक, ट्रॅक्टर आणि मोटारसायकली दुरुस्त करणारे कारागीर पावलोपावली आढळतात. बोटीच्या इंजिनाचा जाणकार शोधण्यासाठी खाडीच्या मुखाकडे जावे लागते. नदी शहरात शिरते तेव्हाच शहराला बोटीची आठवण होते.

समुद्रात एकटे पडलेले गाव

सुटे भाग जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा मुंबईला उपलब्ध आहेत, मग प्रत्येक तालुक्यात साठा कशाला, असा एक आक्षेप घेतला जातो. त्याला उत्तर शिडाच्या होडीकडून घ्यावे. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत केवळ चार बंदरांवर थांबे होते. अशी नौका चालते वाऱ्यावर. पण बंदरातून आतबाहेर करण्यासाठी आणि विजेसाठी तिलाही डिझेल इंजिन लागते. दोन बंदरांच्या मध्ये आठवडेच्या आठवडे जातात. तेथे दुकान नसते आणि कारागीरही नसतो. म्हणून दूरच्या सफरीवर निघणारा खलाशी पंपाचे सुटे चक्र, गॅस्केट आणि पट्टा बरोबर घेतो आणि ते बसविण्याची विद्याही बरोबर घेतो. जे नौकेवर नाही ते जगातही नाही, असे मानूनच तो निघतो.

पुराच्या दिवशी महाडची अवस्था नेमकी हीच असते. वरंधा घाट बंद, आंबेनळी घाट बंद, महामार्ग पाण्याखाली. पोलादपूरच्या वाड्या तर महाडपासूनही तुटलेल्या. अशा वेळी मुंबईच्या गोदामातील पंप हा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असल्यासारखाच. साठ्याचा खर्च म्हणजे पैसा अडकून पडणे हा नेहमीचा हिशेब येथे लागू पडत नाही. हा साठा व्यापाराचा नसून विम्याचा हप्ता आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रबर कपाटात पडूनही कडक होते; बोटी निरनिराळ्या कंपन्यांच्या, तेव्हा भागही निरनिराळे; उद्या बोट बदलली तर साठा कुचकामी. हे खरे आहे. पण यातून निष्कर्ष निघतो तो साठा करू नये असा नाही. शक्य तेथे तालुक्यातील इंजिने एकाच बनावटीची घ्यावीत आणि साठा दर वर्षी फिरता ठेवावा, असा तो आहे. मे महिन्यात कपाटातील चक्र इंजिनात जावे आणि नव्याने आणलेले कपाटात यावे. जे काम केव्हा तरी करायचेच आहे ते ठरलेल्या तारखेला केले, की त्यासाठी वेगळी मंजुरी मागण्याचे कारण उरत नाही.

एवढे तरी व्हावे

यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही. बोट खरेदीच्या प्रत्येक निविदेत पुढील काही वर्षांचे सुटे भाग आणि स्थानिक माणसांचे प्रशिक्षण हा खरेदीचाच भाग धरावा. म्हणजे देखभालीचा निदान आरंभ तरी भांडवली रकमेतून होईल. नगर परिषद आणि तहसील कार्यालय यांना एका ठरावीक मर्यादेपर्यंत सुटे भाग थेट घेण्याची मुभा असावी, आणि त्या मुभेचा हिशेब वर्षअखेर उघडपणे मांडला जावा. महाडची औद्योगिक वसाहत यंत्रांवर चालते. तेथील कारखान्यांत पंप, सील आणि बेअरिंग रोज उघडणारे शेकडो कुशल हात आहेत. खाडीमुखाचा अनुभवी कोळी आणि हे कामगार यांना वर्षातून दोन दिवस एकत्र बसविले, तर तालुक्याला पुरतील इतके बोट-कारागीर तयार होतील. औद्योगिक प्रशिक्षण घेणाऱ्या मुलांनाही यात घेता येईल. बोटीचे इंजिन कोरडे चालवायचे नाही, निदान पाण्याने भरलेल्या पिंपात त्याचे शेपूट बुडवूनच चालवायचे, आणि पुरातून परत आल्यावर ते स्वच्छ पाण्याने धुवायचे, एवढे दोन नियम जरी भिंतीवर लिहिले तरी पुष्कळ साधेल.

आणि यादी बदलावी. ‘बोटी: इतक्या’ या एका रकान्याने काहीच कळत नाही. प्रत्येक बोटीपुढे पंपाचे चक्र शेवटचे कोणत्या तारखेला बदलले, सुटे चक्र कोठे ठेवले आहे आणि ते कोणाला बसविता येते, असे आणखी तीन रकाने असावेत. हे रकाने भरण्यासाठी कोणाला तरी बोटीपर्यंत जाऊन झाकण उघडावे लागेल.

महाड आणि पोलादपूर यांच्या वाट्याला पाऊस येणारच, सावित्री चढणारच. ते कोणाच्या हाती नाही. पण पुढच्या वेळी बोट पाण्यात उतरेल तेव्हा तिच्या मागे थंड पाण्याची धार पडेल की नाही, हे मे महिन्यातील एका दुपारी ठरते. ती दुपार अंदाजपत्रकात कोठे बसते, याचा विचार यंदाच्या आढावा बैठकीपूर्वी व्हावा.